लहान तलवारबाजी क्लबने हंगामातील यशाचा गौरव कसा करावा?

आपला प्रश्न मी आधी थोडक्यात मांडते, म्हणजे हे उत्तर कशाला उद्देशून आहे हे इतरांनाही कळेल. आपण तालुक्याच्या गावातील एका तलवारबाजी क्लबचे काम पाहता. क्लबमध्ये 9 ते 19 वर्षांची सुमारे 40 मुले-मुली आहेत. या हंगामात मुलींच्या सेबर (फॉईल, इपी आणि सेबर या तलवारबाजीतील तीन शस्त्रांपैकी एक) संघाला राज्य शालेय स्पर्धेत कांस्यपदक मिळाले, दोन खेळाडूंची राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाली, जिल्हा पातळीवर बरीच पदके आली आणि निम्म्याहून अधिक मुले पदकाविना परतली. आता गौरव समारंभ ठरवायचा आहे आणि कार्यकारिणीत दोन तट पडले आहेत. काहींच्या मते सत्कार फक्त पदकविजेत्यांचा व्हावा, नाहीतर पदकाला किंमत राहणार नाही. काहींच्या मते प्रत्येक मुलाला सारखेच स्मृतिचिन्ह द्यावे, नाहीतर लहान मुले हिरमुसून क्लब सोडतील. यातला कोणता मार्ग बरोबर, असे आपण विचारले आहे.

माझ्या मते हा वाद स्मृतिचिन्हांचा नाही. हंगामातील यश कशाला म्हणायचे, हे आपल्या क्लबमध्ये अजून ठरलेले नाही आणि म्हणून हा प्रश्न समारंभाच्या तोंडावर उभा राहिला आहे. केवळ पदके मोजणारे आणि सर्वांना एकसारखी वस्तू देणारे, दोघेही एकाच कामाला बगल देत आहेत. ते काम म्हणजे प्रत्येक मूल या हंगामात प्रत्यक्षात कसे खेळले हे बसून पाहणे. तलवारबाजीत हे काम तुलनेने सोपे आहे, कारण प्रत्येक स्पर्धेची प्रत्येक लढत गुणांसह कागदावर उतरलेली असते. तो कागद वाचून प्रत्येक मुलाबद्दल एक खरे, नेमके वाक्य तयार करावे आणि गौरव त्या वाक्याचा करावा, हे माझे उत्तर आहे. पुढचे सगळे त्याचेच स्पष्टीकरण आहे.

हे उत्तर सर्वत्र सारखे लागू होणार नाही, हे आधीच सांगते. शासकीय क्रीडा प्रबोधिनीत किंवा साईच्या (भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या) केंद्रात खेळाडूंची निवडच कामगिरीवर होते, तेथे निकालाला अधिक वजन असणे योग्य आहे. क्लब 200 मुलांचा असेल, तर प्रत्येकाबद्दल स्वतंत्र बोलणे एका संध्याकाळी शक्य नाही आणि वयोगटानुसार वेगळे कार्यक्रम घ्यावे लागतील. क्लबचे पहिलेच वर्ष असेल, तर तुलनेसाठी मागची नोंद नसते. 9-10 वर्षांच्या मुलांच्या बाबतीत तर स्पर्धेच्या आकड्यांकडे मी जवळजवळ पाहतच नाही. त्या वयात अंतर राखणे, पाय नीट ठेवणे आणि लढत हरल्यावर मास्क काढून सॅल्यूट करणे एवढे जमले तरी वर्ष चांगले गेले असे मी मानते. आपला क्लब मात्र 40 मुलांचा, मिश्र वयाचा आणि तिन्ही शस्त्रे खेळणारा आहे. अशा क्लबला नोंदींवर आधारलेली पद्धत सर्वांत चांगली मानवते, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

पदक एकटे का पुरेसे नाही, हे आधी पाहू. जिल्हा पातळीवर काही गटांत, विशेषतः मुलींच्या इपीत किंवा मोठ्या वयोगटात, मोजक्याच प्रवेशिका येतात. तलवारबाजीच्या बहुतेक स्पर्धांत उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही कांस्यपदक मिळते. म्हणजे गटात चारच खेळाडू असतील, तर चौघांच्याही गळ्यात पदक पडते. दुसरीकडे, त्याच जिल्ह्यातील फॉईलच्या 17 वर्षांखालील मुलांच्या गटात भरपूर गर्दी असते आणि तेथे पहिल्या आठांत येणारा मुलगा रिकाम्या हाताने घरी जातो. या दोघांना व्यासपीठावर शेजारी उभे करून फक्त पदकाकडे बोट दाखवले, तर मुलांना त्यातली विसंगती लगेच कळते. मोठ्यांना ती कळत नाही असे नाही, पण ते बोलून दाखवत नाहीत.

भवानी देवीचे उदाहरण या संदर्भात मी पालकांना नेहमी देते. 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळणारी ती भारताची पहिली तलवारबाज. पहिली लढत तिने ट्युनिशियाच्या नादिया बेन अझिझीविरुद्ध 15-3 अशी जिंकली. दुसऱ्या लढतीत फ्रान्सच्या मानों ब्रुनेकडून ती 7-15 अशी हरली आणि बाहेर पडली. त्याच ब्रुनेने पुढे त्या स्पर्धेचे कांस्यपदक जिंकले. भवानीच्या नावापुढे पदक नव्हते, तरी ती कामगिरी लहान होती असे या खेळातले कोणीही म्हणणार नाही. 2023 मध्ये चीनमधील वूशी येथे झालेल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने उपांत्यपूर्व फेरीत जपानच्या तेव्हाच्या जगज्जेत्या मिसाकी एमुराला 15-10 असे हरवले. उपांत्य फेरी तिने उझबेकिस्तानच्या झैनाब दाईबेकोवाविरुद्ध 14-15 अशी एका टचने, म्हणजे एका गुणाने, गमावली आणि कांस्यपदक मिळवले. आशियाई अजिंक्यपद स्पर्धेतील ते भारताचे पहिले पदक होते. दोन्ही प्रसंग समोर ठेवले की लक्षात येते की कोणाविरुद्ध, कोणत्या फेरीत आणि किती फरकाने, हे सांगितल्याशिवाय निकाल अर्धाच सांगितला जातो. पदक मिळाले त्या वर्षीही आणि मिळाले नाही त्या वर्षीही.

आता नोंदी कशा वाचायच्या ते सांगते, कारण बहुतेक क्लबांत पूल शीटचे, म्हणजे प्राथमिक गटांतील लढतींच्या गुणपत्रकांचे, फोटो प्रशिक्षकाच्या मोबाईलमध्ये पडून असतात आणि पुढच्या स्पर्धेपर्यंत पुसलेही जातात. वैयक्तिक स्पर्धेत आधी पूल होतात. साधारण 6 किंवा 7 खेळाडूंचा एक पूल, प्रत्येकाची प्रत्येकाशी लढत, 5 टचची, जास्तीत जास्त 3 मिनिटांची. त्यातून जिंकलेल्या लढतींचे प्रमाण काढतात. ते सारखे असेल तर इंडिकेटर पाहतात, म्हणजे मारलेल्या टचमधून खाल्लेले टच वजा करतात. तोही सारखा असेल तर मारलेले टच जास्त कोणाचे ते पाहतात. या क्रमवारीवरून बाद फेरीचा तक्ता लागतो आणि बाद फेरीत 15 टचच्या लढती होतात.

समजा, आपल्या क्लबची दोन मुले एकाच स्पर्धेत 6 जणांच्या वेगवेगळ्या पूलमध्ये होती आणि दोघांनीही 5 पैकी 3 लढती जिंकल्या. पहिल्याने 5-2, 5-3 आणि 5-1 असे विजय मिळवले व दोन लढती 4-5 अशा गमावल्या. त्याने 23 टच मारले, 16 खाल्ले, इंडिकेटर अधिक 7. दुसऱ्याने तिन्ही विजय 5-4 असे मिळवले आणि 1-5 व 0-5 अशा दोन लढती गमावल्या. त्याने 16 टच मारले, 22 खाल्ले, इंडिकेटर उणे 6. विजय सारखेच, पण 32 जणांच्या तक्त्यात पहिला समजा 12वा लागेल आणि दुसरा 18वा. 12व्याची गाठ 21व्याशी पडते आणि तो जिंकला तर पुढे बहुधा 5वा मानांकित समोर येतो. 18व्याची गाठ 15व्याशी पडते आणि तो जिंकला तर पुढे बहुधा 2रा मानांकित. दोघेही दुसऱ्या लढतीत बाहेर पडले तर निकालपत्रात दोघांच्या नावापुढे पहिले 16 एवढेच दिसेल. पण पूल शीट वाचणाऱ्या प्रशिक्षकाला दोन वेगळ्या गोष्टी दिसतील. पहिला मुलगा भक्कम आहे आणि शेवटचा टच घेताना घाई करतो. दुसरा मुलगा 4-4 अशा अवस्थेत डोके शांत ठेवतो, पण वरच्या दर्जाचा खेळाडू समोर आला की लढत लवकर सोडून देतो. दुसऱ्याने 4-4 वरून तीन वेळा शेवटचा टच घेतला, ही गोष्ट समारंभात मोठ्याने सांगण्यासारखी आहे आणि ती कोणत्याही पदकावर कोरलेली नसते.

म्हणून प्रत्येक मुलाची हंगामाची एक पानभर नोंद करावी. स्पर्धेचे नाव, गट व शस्त्र, एकूण प्रवेशिका, अंतिम क्रमांक, पूलमधील विजय, इंडिकेटर, बाद फेरीत कोणत्या फेरीपर्यंत मजल गेली आणि शेवटच्या लढतीचे गुण, एवढे पुरे. 40 मुलांसाठी हे काम दोन-तीन पालकांनी वाटून घेतले तर जड नाही. मोठ्या मुलांना स्वतःची पाने स्वतः भरायला लावली तर अधिक चांगले, कारण आकडे लिहिताना ती स्वतःच्या लढती पुन्हा आठवतात आणि प्रशिक्षकाने सांगूनही जे पटत नाही ते त्यांना स्वतःहून दिसू लागते.

या आकड्यांबाबत काही सावधगिरी मात्र हवी. तिन्ही शस्त्रांचे इंडिकेटर एकमेकांशी कधीही ताडून पाहू नयेत. इपीत दोघांनी एका सेकंदाच्या साधारण पंचविसाव्या भागाच्या आत एकमेकांना टच केले, तर दोघांनाही गुण मिळतो. त्यामुळे गुण जवळजवळ राहतात आणि चांगल्या खेळाडूचा इंडिकेटरही लहान दिसू शकतो. फॉईल आणि सेबरमध्ये चालीचा हक्क कोणाचा, म्हणजे दोघांचा टच एकदम लागला तर गुण कोणाला, हे पंच ठरवतात आणि एकाच बाजूने भराभर गुण जमा होऊ शकतात. सेबरच्या खेळाडूचे अधिक 15 आणि इपीच्या खेळाडूचे अधिक 6 यांतून कोण श्रेष्ठ हे निघत नाही. याच कारणासाठी तिन्ही शस्त्रांमधून मिळून एक ‘वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळाडू’ निवडण्याच्या मी विरोधात आहे. तो निर्णय कोणत्याही आधारावर टिकत नाही आणि वर्षभर कुरबूर मागे ठेवतो.

दुसरी सावधगिरी वयाची. मूल सब-ज्युनिअरमधून कॅडेट गटात गेले, म्हणजे 14 वर्षांखालील गट सोडून 17 वर्षांखालील गटात आले, की पहिल्या वर्षी त्याचे आकडे घसरतातच. समोर दोन-तीन वर्षांनी मोठी, हाताने लांब, पायाने जलद मुले असतात. काही मुले याच सुमारास लहान पाते सोडून पूर्ण लांबीच्या 5 क्रमांकाच्या पात्यावर येतात आणि मनगटाला तो भार सवयीचा व्हायला वेळ लागतो. शिवाय वाढीच्या वयात सहा-आठ महिन्यांत उंची झपाट्याने वाढली, तर काल बरोबर पोहोचणारा लंज (पुढचा पाय लांब टाकून केलेला हल्ला) आज जास्त पुढे जातो, अंतराचा अंदाज चुकतो, तोल बिघडतो. अशा मुलाबद्दल ‘यंदा कामगिरी खालावली’ असे व्यासपीठावर सुचवणेही अन्यायाचे आहे. त्याच्याबद्दलचे खरे वाक्य असे होईल: ‘वरच्या गटातील पहिल्याच वर्षी पूलमध्ये प्रत्येक स्पर्धेत किमान एक लढत जिंकली.’ यात अतिशयोक्ती नाही आणि कौतुकही कमी पडत नाही.

आपल्या मुलींच्या सेबर संघाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण सांघिक पदकाचा सत्कार बहुतेक ठिकाणी फार वरवरचा होतो. चार मुली व्यासपीठावर येतात, हार-गुच्छ होतो, फोटो निघतो आणि कोणी काय केले हे कोणालाच कळत नाही. सांघिक लढत 45 टचची रिले असते. दोन्ही संघांच्या तिघी-तिघी मिळून 9 लढती होतात आणि प्रत्येक लढत 5च्या पुढच्या पटीपर्यंत, म्हणजे 5, 10, 15 अशी जाते. पाच लढतींनंतर संघ 18-25 असा मागे आहे आणि सहाव्या लढतीत एखादी मुलगी 12 टच मारून, फक्त 3 खाऊन 30-28 अशी आघाडी मिळवून देते, तेव्हा तिचे नाव सर्वांच्या तोंडी असते आणि ते योग्यच आहे. पण दुसरी एखादी मुलगी 20-12 अशी आघाडी घेऊन प्रतिस्पर्धी संघाच्या सर्वांत बलवान खेळाडूसमोर उभी राहते आणि लढत 25-19 वर संपवते. कागदावर तिचे उणे 2 आहेत. प्रत्यक्षात तिने आठ टचची आघाडी ज्या खेळाडूकडून मोडली जाण्याची भीती होती, तिला रोखून धरले. ही गोष्ट समारंभात सांगितली नाही तर त्या मुलीला जन्मभर वाटत राहील की पदक इतरांनी जिंकले आणि आपण सोबत होतो. चौथी, राखीव मुलगी एकही लढत खेळली नसेल, तरी तिने सराव शिबिरात काय केले, मैदानावर तारा आणि मास्क कसे तयार ठेवले, गरज पडल्यास कोणाच्या जागी उतरायची तिची तयारी होती, हे प्रशिक्षकाने स्वतः सांगावे. चौघींच्या नोंदी आधी काढून ठेवल्या तर यासाठी पाच-सहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही.

याच ओघात सरावातील जोडीदारांबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते. तलवारबाजी एकट्याने शिकता येत नाही. पदक मिळवणाऱ्या खेळाडूने वर्षभर जे पॅरी-रिपोस्ट (हल्ला अडवून लगेच केलेला प्रतिहल्ला) घोटले, ते समोर कोणीतरी शेकडो वेळा तोच हल्ला करत राहिल्यामुळे घोटले गेले. डावखुऱ्या खेळाडूंची गोष्ट तर आणखी महत्त्वाची आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्या मुलांना डावखुऱ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध सगळे कोन उलटे वाटतात आणि ज्या क्लबमध्ये डावखुरे मूलच नाही, तेथील चांगले खेळाडूही राज्य पातळीवर पहिल्या डावखुऱ्यासमोर गोंधळतात. आपल्या क्लबमध्ये असे एखादे डावखुरे मूल असेल आणि त्याला स्वतःला पदक मिळाले नसेल, तरी इतरांच्या पदकांत त्याचा वाटा मोठा आहे. माझ्या क्लबमध्ये ‘सरावातील उत्तम जोडीदार’ हा एकच पुरस्कार मुलांच्या मतदानाने दिला जातो. प्रत्येक मूल चिठ्ठीवर एक नाव लिहिते आणि त्या जोडीदाराकडून काय शिकायला मिळाले ते एका ओळीत लिहिते. प्रौढांना वाटते त्याहून मुलांची निवड फार नेमकी असते. नाव जाहीर करताना त्या ओळींपैकी दोन-तीन वाचून दाखवाव्यात.

तसेच हंगामभर साहित्य चालू ठेवणाऱ्यांना विसरू नये. स्पर्धेपूर्वी शस्त्र तपासणीत फॉईलच्या टोकाच्या स्प्रिंगने 500 ग्रॅमचे आणि इपीच्या स्प्रिंगने 750 ग्रॅमचे वजन उचलावे लागते. ते उचलले गेले नाही तर शस्त्र बाद होते. मल्टिमीटर घेऊन रात्री बॉडी वायर (शस्त्राला जोडलेली, पोशाखातून जाणारी विजेची तार) तपासणारे पालक, लामे (विद्युतवाहक) जॅकेट धुऊन वाळवून वेळेवर पोहोचवणारी आई, स्थानिक स्पर्धेत पंचाचे काम शिकणारी ज्युनिअर मुले, गुणफलक सांभाळणारे भावंड, यांच्यामुळे मुले पिस्टवर (लढतीच्या पट्टीवर) निर्धास्त उभी राहतात. त्यांना शाल-श्रीफळ अवश्य द्यावे. मुलांना मात्र शाल देण्यापेक्षा उपयोगाची वस्तू द्यावी, असे माझे मत आहे.

वस्तू निवडताना शस्त्र व हात पाहून निवडावी. इपीची बॉडी वायर तीन पिनची असते आणि ती फॉईल किंवा सेबरला चालत नाही. हातमोजा फक्त शस्त्राच्या हातात घालतात, त्यामुळे डावखुऱ्याला डाव्याच हाताचा द्यावा लागतो. सेबरच्या हातमोज्याला विद्युतवाहक कफ लागतो. सर्वांना एकच वस्तू घाऊक घेण्याच्या नादात निम्मी भेट कपाटात पडते. निधी कमी असेल तर हंगामाच्या नोंदीचे पान नीट छापून, त्यावर प्रशिक्षकाच्या हाताने ते एक वाक्य लिहून द्यावे. मुले ते पान स्मृतिचिन्हापेक्षा अधिक जपतात असे मी पाहिले आहे.

प्रमाणपत्रांबाबत मी थोडी कठोर आहे आणि त्याला कारण आहे. महाराष्ट्रात खेळाडूंसाठी शासकीय नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे आणि दहावी-बारावीला क्रीडा सवलत गुण मिळतात. या दोन्हींसाठी स्पर्धेच्या मूळ प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी होते. म्हणून क्लबने दिलेले गौरवपत्र अधिकृत स्पर्धेच्या प्रमाणपत्रासारखे दिसता कामा नये. त्यावर ‘क्लबअंतर्गत गौरव’ असे स्पष्ट छापावे आणि शासनाची किंवा संघटनेची बोधचिन्हे वापरू नयेत. समारंभाच्या निमित्ताने सर्व मुलांची मूळ प्रमाणपत्रे एकदा मागवून स्कॅन करून ठेवावीत आणि नाव, वडिलांचे नाव व जन्मतारीख शाळेच्या दाखल्याप्रमाणेच आहे का ते पाहावे. चूक लगेच सापडली तर संघटनेकडे अर्ज करून दुरुस्त होते, चार वर्षांनी सापडली तर फार धावपळ करावी लागते.

तोच काटेकोरपणा फ्लेक्सवर आणि वृत्तपत्राच्या बातमीत हवा. राष्ट्रीय स्पर्धेत खेळलेला मुलगा ‘राष्ट्रीय खेळाडू’ आहे, ‘राष्ट्रीय पदकविजेता’ नाही. शालेय स्पर्धा आणि संघटनेची अजिंक्यपद स्पर्धा वेगळ्या आहेत, वैयक्तिक आणि सांघिक पदक वेगळे आहे. वयोगट, शस्त्र, वैयक्तिक की सांघिक आणि आयोजक कोण, या चारही गोष्टी प्रत्येक उल्लेखात याव्यात. मुलांना स्वतःचा निकाल नीट ठाऊक असतो. आपल्याच क्लबने तो फुगवून छापला की त्यांना संकोच होतो आणि खरा निकाल पुरेसा नव्हता असा अर्थ ती काढतात.

प्रत्यक्ष कार्यक्रमाबद्दल माझी सूचना अशी आहे. परीक्षा संपल्यानंतरचा, पण सुट्टीत मुले गावाला जाण्यापूर्वीचा रविवार निवडावा. सभागृहापेक्षा सरावाची जागा बरी, कारण तेथे पिस्ट आणि टच नोंदवणारे मशीन आहे. सुरुवात सर्व मुलांनी पूर्ण पोशाखात, रांगेत उभे राहून केलेल्या सॅल्यूटने करावी. लढतीच्या आधी आणि नंतर प्रतिस्पर्धी, पंच आणि प्रेक्षक यांना सॅल्यूट करणे हा खेळाचा नियमच आहे आणि आजी-आजोबांसह आलेल्या सर्वांना तो पाहायला मिळावा. नंतर दोन प्रदर्शनीय लढती ठेवाव्यात आणि कोणीतरी माईकवरून समजावून सांगावे की फॉईलमध्ये लाल किंवा हिरवा दिवा म्हणजे वैध टच आणि पांढरा दिवा म्हणजे लक्ष्याबाहेरचा टच, फॉईलमध्ये फक्त धड चालते, सेबरमध्ये कमरेच्या वरचे शरीर आणि इपीत संपूर्ण शरीर. अनेक पालक वर्षानुवर्षे शुल्क भरतात आणि दिवा का लागला हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. तेवढे कळले की पुढची भाषणे कमी लागतात.

गौरव लहान मुलांपासून सुरू करावा आणि संघ व राष्ट्रीय खेळाडू शेवटी घ्यावेत. प्रत्येकाचे नाव, शस्त्र आणि ते एक वाक्य, एवढेच. 40 मुलांसाठी प्रत्येकी अर्धा मिनिट धरले तरी वीस मिनिटे होतात. उणे इंडिकेटर किंवा एकतर्फी पराभव जाहीरपणे वाचू नये, ते पानावर असते तेवढे पुरे. बारा-तेरा वर्षांपुढील मुलांना आपले वाक्य आधी दाखवावे. एखादे मूल म्हणते की हे नको, ती दुसरी लढत सांगा, आणि बहुधा त्याचेच बरोबर असते. खोटी स्तुती मात्र कोणाचीही करू नये. एखाद्या मुलाचे वर्ष खरोखरच कठीण गेले असेल, तर सर्व स्पर्धांना ते आले, प्रत्येक लढत पूर्ण खेळले, हे सांगण्यासारखे सत्य असतेच. आणि तेही नसेल, तर त्या मुलाशी व पालकांशी समारंभापूर्वी स्वतंत्र बोलण्याची गरज आहे.

पदकविजेत्यांचे महत्त्व यामुळे कमी होईल, ही आपल्या काही सहकाऱ्यांची भीती मला अनाठायी वाटते. उलट, राज्य स्पर्धेतील लढती क्रमाने सांगितल्या की त्या कांस्यपदकाचे वजन उपस्थितांपैकी प्रत्येकाला कळते. आठ क्रीडा विभागांतून निवडून आलेल्या संघांमध्ये पहिल्या चारांत येणे म्हणजे काय, हे नुसते पदक दाखवून समजत नाही. त्या मुलींना शेवटी, सर्वांत जास्त वेळ द्यावा. प्रमुख पाहुणे म्हणून जिल्ह्यातील एखादा माजी राष्ट्रीय खेळाडू किंवा पंच मिळाल्यास उत्तम. लोकप्रतिनिधींना बोलवायचे असेल तर अवश्य बोलवावे, कारण मशीन आणि जागेसाठी त्यांची मदत लागते, पण त्यांनी मुलांच्या हाती पाने द्यावीत आणि वाक्ये प्रशिक्षकाने वाचावीत.

एक शेवटची गोष्ट, जी आपण विचारली नाही. आपल्या सेबर संघातील मुली वरच्या वयोगटात गेल्या की त्यांना पुन्हा खालून सुरुवात करावी लागेल आणि एखादे वर्ष असे येईल की राज्य पातळीवर क्लबच्या हाती काहीच लागणार नाही. त्या वर्षी कार्यकारिणी समारंभ रद्द करण्याच्या विचारात येते, हे मी अनेक क्लबांत पाहिले आहे. म्हणून समारंभ दरवर्षी याच महिन्यात, याच पद्धतीने होईल आणि त्यासाठीचा निधी हंगामाच्या सुरुवातीलाच बाजूला काढला जाईल, असा ठराव याच बैठकीत करून इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. नोंदीची पाने भरण्याचे काम कोणत्या पालकांकडे राहील, त्यांची नावेही त्याच ठरावात लिहावीत आणि पहिले पान पुढच्या हंगामातील पहिल्या जिल्हा स्पर्धेच्या दिवशीच भरायला घ्यावे.